खेड आलं का?

महाडच्या बाजारपेठेत मुख्तारचा छापखाना, आणि छापखान्याच्या बरोब्बर समोर महादूचं चहाचं दुकान. रोज सकाळी मुख्तार फळ्या काढायला लागला की महादू स्टोव्हला पंप मारता मारता हाक घालायचा, "मुख्तारभाई, खेड आलं का?" हे एक-दोन दिवसांचं नाही, बावीस वर्षांचं. त्याआधी महादूचा बाप मुख्तारच्या बापाला हेच विचारायचा. मुख्तारच्या बापानं त्यावरून दोनदा मारामारी केली होती. मुख्तार थंड डोक्याचा. तो मान खाली घालायचा, फळ्या भिंतीला लावायचा आणि आत जाऊन छपाईच्या खिळ्यांचे खण जरा जास्तच जोरात आपटायचा.

आता या प्रश्नात एवढं झोंबण्यासारखं काय, ते सांगायला हवं. मुख्तारचा आजा दाऊद गाडीवाला होता. महाडच्या बंदरात उतरलेलं मीठ, खजूर, सुकी मासळी बैलगाडीत भरायची आणि पोलादपूरवरून कशेडी घाट चढून पलीकडे खेडला पोचवायची, हा त्याचा धंदा. एकदा काय झालं, मीठ भरून पहाटेला निघालेला दाऊद गाडीतच झोपला. बैल आपले चालतायत. डोळा उघडला तेव्हा उन्हं कलली होती आणि गाडी एका घरासमोर उभी होती. दारात एक बाई सुपात तांदूळ पाखडत होती. दाऊदनं डोळे चोळले आणि अदबीनं विचारलं, "बाई, खेड आलं का?"

ती बाई त्याची बायको होती. घर त्याचंच होतं. बैल अर्ध्या वाटेतून परत फिरले होते आणि या पठ्ठ्याला पत्ता नव्हता.

अख्खं महाड पोट धरून हसलं. हसून विसरूनही गेलं असतं, पण कुडपणच्या भागोजी मास्तरांनी हा किस्सा पुस्तकात घातला. 'घाटवाटेची हकिकत' हे त्या पुस्तकाचं नाव. चौतीस साली पुण्याला छापलेलं, मोजक्या प्रतींचं. मास्तर उमरठच्या शाळेत शिकवायचे आणि सुट्टीत घाटानं हिंडायचे. त्यांनी काय केलं, की कशेडीची एकवीस वळणं धरली आणि एकेका वळणाचं एकेक प्रकरण लिहिलं. कुठल्या वळणावर उन्हाळ्यातही पाणी लागतं, कुठल्या झाडाला आग्या मोहोळ असतं, कुठं वऱ्हाडाला वाघ आडवा आला आणि नवरदेव मुंडावळ्यांसकट झाडावर कसा चढला. राजेरजवाड्यांचं त्यात अक्षर नव्हतं. होती ती घाटानं येणारी-जाणारी साधी माणसं. मुख्तार मराठी वाचायला शिकला तो याच पुस्तकावर. पुस्तकातली वळणं त्याला घरच्या जिन्याच्या पायऱ्यांसारखी पाठ होती. एक नववं सोडून. नवव्या वळणात दाऊद होता.

घरातली ती एकच प्रत, आणि तिचंही एक पान गेलेलं. त्याचं असं झालं, की मुख्तारचा बाप शाळेत असताना एका पोरानं नववं वळण सगळ्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं. "बाई, खेड आलं का?" इथं बासष्टावं पान संपतं. पोरगा समोरचं पान धरून पुढं वाचणार, तेवढ्यात मुख्तारच्या बापानं झडप घालून पुस्तक हिसकावलं. पुस्तक याच्या हातात आलं आणि मागून कोरं असलेलं ते पान त्याच्या हातात राहिलं. पुढं आणखी काय काय टवाळी केली असेल ते असेल, असं म्हणून घरानं तो विषय कायमचा बंद केला. त्यानंतर घरात कुणी खेडचं नाव काढलं तर मुख्तारचा बाप जेवणावरून उठायचा.

आणि तरीही मुख्तारचा जीव या पुस्तकावर होता. माणसाचं असंच असतं. बावीस वर्षांत त्यानं अर्ध्या तालुक्याच्या लग्नपत्रिका छापल्या, उरुसाची हँडबिलं छापली, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं छापली. पण पुस्तक म्हणावं असं पुस्तक एकही नाही. शिवलेलं, पाठीवर नाव असलेलं, आत 'मुद्रक आणि प्रकाशक' म्हणून आपलं नाव असलेलं एक तरी पुस्तक आपल्या हातून व्हावं, एवढीच त्याची हौस. त्यात एस.टी. स्टँडजवळ ऑफसेटवाला आला होता. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचे दिवस भरत आले होते, हे मुख्तारला दिसत होतं. जायच्या आधी या खिळ्यांनी एक पुस्तक छापायचं, आणि ते 'घाटवाट'च छापायचं. मास्तरांचं पुस्तक वाळवीनं नाहीतर पुरानं संपलं, तर त्या एकवीस वळणांवरची सगळी माणसं संपली.

त्याची भाची उझ्मा महाडच्या कोर्टात नुकतीच वकिली करायला लागली होती. तिला त्यानं विचारलं. तिनं कायद्याचं पुस्तक उघडून समजावलं, की लेखक वारल्यावर पन्नास वर्षं पुस्तकावर त्याच्या वारसांचा हक्क, तोही शेवटचं वर्ष सरेपर्यंत; मग ते पुस्तक सगळ्यांचं, कुणीही छापावं. मास्तर गेले एक्केचाळीस साली. म्हणजे पहिली जानेवारी ब्याण्णव. मुख्तारनं त्याच दिवशी शाईच्या डब्यामागं खडूनं तारीख लिहून ठेवली.

पुढचं वर्षभर तो घरी बसून तीन वह्यांत अख्खं पुस्तक उतरवून काढत होता. अख्खं म्हणजे, नववं वळण सोडून. दहाव्याला त्यानं नववं केलं, अकराव्याला दहावं, असं करत करत एकवीस वळणांची वीस झाली. घाट तेवढाच राहिला. कोण मोजायला येतंय? मनाला थोडं लागलं, नाही असं नाही. पण उद्या पुस्तक घरोघरी गेलं की महादूसारखे शंभर महादू तयार होतील, हेही दिसत होतं. आपल्याच पैशानं, आपल्याच शाईनं आपल्या आजाला पुन्हा गावभर हसवायचं, एवढा काही मुख्तार वेडा नव्हता.

मार्गशीर्षात त्यानं पहिली सोळा पानं जुळवून, दोऱ्यानं बांधून फळीवर ठेवली. निम्मे खिळे त्यातच अडकले. ऐन लग्नसराईत लोक पत्रिका घेऊन यायचे आणि मुख्तार त्यांना सांगायचा, अक्षरं शिल्लक नाहीत. लोक ऑफसेटवाल्याकडं जायचे. बायको म्हणायची की धंदा गुंडाळून हिमालयात जा. तो हसायचा आणि कॅलेंडरवर एक दिवस खोडायचा.

तीस डिसेंबरला सकाळी उझ्मा वर्तमानपत्र घेऊन आली आणि तोंड पाडून स्टुलावर बसली. मुख्तारला वाटलं कुणी गेलं की काय. गेलं कुणी नव्हतं. दोन दिवसांपूर्वी दिल्लीत वटहुकूम निघाला होता, आणि पन्नासाची साठ वर्षं झाली होती.

"म्हणजे?" मुख्तारनं विचारलं.

"म्हणजे मामू, दोन हजार दोन."

मुख्तारनं फळीवरच्या सोळा पानांकडं बघितलं. चार दिवस. दिल्लीला चार दिवस दम निघाला नाही. चाळीस-पन्नास वर्षं त्या पुस्तकाचं कुणी नाव काढलं नव्हतं, आणि आता मुख्तारनं दोरा बांधला तर सरकार जागं झालं. त्या दिवशी त्यानं दिल्लीचा असा काही उद्धार केला की महादू चहा गाळायचा थांबून ऐकत राहिला. विचारल्याशिवाय छापलं तर गुन्हा, प्रती जप्त, वर खिळेही जातील, असं उझ्मानं सांगितलं. मग तिनं दुसरी वाट सांगितली. मास्तरांचा कुणी वारस हयात असेल तर त्याची लेखी परवानगी आणायची.

"पण एक आहे, मामू. परवानगी मिळाली की ते म्हणतील तसंच छापायचं. आपल्या मनानं एक ओळही गाळायची नाही."

मुख्तारला एकदम खोकला आला.

कुडपणला पोस्टकार्ड गेलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं ते मुरारी नावाच्या माणसाच्या हातचं. मास्तरांची लेक येसूबाई वाडीतच दिलेली, हयात आहे. भाऊ मुंबईला वारला, त्याच्या मागं कुणी नाही. वारस म्हणाल तर त्या एकट्याच. बाई म्हणतात, पुस्तक घेऊन या, सगळ्यांसमोर वाचून दाखवा, मग बघू.

आता वाचून दाखवायचं म्हणजे काय, हे मुख्तारच्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. त्याला वाटलं म्हातारी बाई, दोन-चार पानं ऐकेल, डोळे पुसेल आणि सही करेल. मूळ प्रत जुनी, फाटायला आलेली, म्हणून ती घरीच ठेवून त्यानं वह्या पिशवीत घातल्या. जानेवारीच्या शेवटी मामा-भाची उमरठपर्यंत एस.टी.नं गेली आणि पुढं चढण चढायला लागली. उझ्मानं कोर्टात घालायचे बूट घातले होते. अर्ध्या वाटेवर तिनं ते काढून हातात घेतले आणि कायद्याला तिनंही दोन शब्द ऐकवले.

कुडपणात भाताची मळणी उरकली होती. येसूबाईचं अंगण शेणानं सारवून ठेवलं होतं आणि अंगणात माणसं बसली होती. चार-पाच नाहीत, वाडीच्या वाडी. म्हातारे, बायका, मुंबईहून आलेले दोघं-तिघं. मुरारी निघाला साठीचा, जन्मभर कशेडीतून ट्रक चालवलेला, आता घरी बसलेला. येसूबाई ओटीवर पाटावर बसली होती. अडुसष्ट वर्षांची, ताठ, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुख्तारनं आपलं नाव सांगितलं, छापखाना सांगितला. कुणाचा कोण ते काही सांगितलं नाही. खाली घोंगडीवर बसून त्यानं वही उघडली.

पहिलं वळण त्यानं सुरू केलं, "पोलादपूर मागे टाकले की," आणि पुढचं त्याच्या तोंडून यायच्या आधीच अंगणातून आलं, "घाट माणसाला आधी नाव विचारतो, मग वाट देतो!"

मुख्तारनं मान वर केली. सगळे हसत होते. मग मुरारीनं खुलासा केला. मास्तर दर पौषात, मळणी झाली की, या अंगणात पुस्तक वाचायचे. मास्तर गेल्यावर येसूबाई वाचायला लागली. अठ्ठ्याहत्तर साली वाडीतली एकुलती एक प्रत वाळवीनं खाल्ली. पण वाचन काही थांबलं नाही. आता येसूबाई तोंडानं म्हणते आणि बाकीचे मागून म्हणतात. चौदा वर्षं वाडीत पुस्तक नाही, पण अख्खं पुस्तक वाडीला पाठ आहे.

मुख्तारनं हळूच वही चाळून आठवं वळण कुठं संपतं ते बघितलं.

पण काय सांगू, वाचनाला असा रंग चढला की तो गाळलेलं वळणही विसरला. ज्या ओळी आजवर आपण एकट्यानंच वाचल्या असं त्याला वाटायचं, त्या इथं बायका नाचणी निवडत म्हणत होत्या. तिसऱ्या वळणावर वाघ आला तेव्हा एका म्हाताऱ्यानं सालाबादप्रमाणे डरकाळी फोडली. सहाव्या वळणावरचं भांडण दोन बायकांनी हातवारे करून अर्धं अर्धं वाटून घेतलं. उझ्मा हसून हसून भिंतीला टेकली होती. मुख्तारचा आवाज चढत गेला. जन्मात त्याला कुणी असं ऐकलं नव्हतं. आठवं वळण संपलं, त्यानं पान उलटलं आणि झोकात सुरुवात केली, "वळण नववे. येथे दरड कोसळते."

अंगणातून मात्र दुसरीच ओळ आली.

"ओ शेठ," मुरारी म्हणाला, "एक वळण गाळलंत. चाळीस वर्षं ट्रक मारलाय त्या घाटात. दरडीचं दहावं हाय."

मुख्तार वहीत बघत राहिला. वहीत काय लिहिलंय ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? उझ्माचं हसू गेलं होतं. ती त्याच्याकडं बघत होती. येसूबाईनं विचारलं की पान चिकटलंय का. खोटं बोलायची चांगली संधी होती. पण ज्या माणसांनी चौदा वर्षं एक शब्द हरवू दिला नाही, त्यांच्या अंगणात बसून खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना. त्यानं सांगून टाकलं की मीच गाळलंय. त्यात एका माणसाची टवाळी आहे, त्याची माणसं अजून आहेत, त्यांना रोज ऐकून घ्यावं लागतं, म्हणून.

येसूबाई म्हणाली, "माझ्या बापाचं पुस्तक हाय, बाबा. छापशील तर अख्खं छाप. नायतर नको छापूस. आमच्या तोंडात हाय ते बरं हाय."

झालं. वर्षभराच्या वह्या, फळीवरची सोळा पानं, पाठीवर नाव असलेलं ते एक पुस्तक, सगळं त्या एका वळणावर येऊन अडकलं. उझ्मा काहीतरी बोलायला गेली, पण कायदा काय म्हणतो ते तिनंच सांगितलं होतं, तेव्हा तीही थांबली. मुख्तारनं वही मिटली. उठावं की बसावं त्याला कळेना.

"तू ते वळण पुरं वाचलंस का?" येसूबाईनं विचारलं.

"माझ्या प्रतीत पुढचं पान नाही, मावशी. 'खेड आलं का', तिथं संपतं."

"तिथं?" येसूबाई म्हणाली, आणि अंगणात कुजबुज झाली. "अरे बाबा, तिथं तर सुरू होतं. आयक."

तिनं मान हलवली आणि वाडीनं नववं वळण म्हणायला घेतलं. दाऊद मीठ भरून निघाला, दाऊद झोपला, बाई सूप घेऊन दारात, सगळं आलं. "बाई, खेड आलं का?" हे तर सगळ्यांनी एका सुरात म्हटलं आणि अंगण हसण्यानं दणाणलं. मुख्तारचे कान तापले. वर्गात उभा असलेला आपला बाप त्याला दिसला. मग हसणं ओसरलं आणि येसूबाईचा आवाज एकटाच पुढं निघाला. हेच ते त्रेसष्टावं पान. त्याच्या घरात सत्तावन्न वर्षं कुणी न वाचलेलं.

"वाचक हो, हसून घेतलेत? आता ऐका. दाऊद वाट चुकला नाही आणि त्याचे बैलही चुकले नाहीत. त्याआधी कुडपणात पटकीची साथ आली होती. आजारी माणसे आम्ही डोलीत घालून पोलादपूरपर्यंत उतरवली. तेथून महाडच्या दवाखान्यात न्यायला एकही गाडी मिळेना. गाडीला रोग चिकटेल म्हणून गाडीवाले जू काढून बसले. एकटा दाऊद उभा राहिला. तीन दिवस आणि तीन रात्री त्याने पोलादपूर ते महाड आणि महाड ते पोलादपूर एवढेच केले. डोळ्याला डोळा लावला नाही. अकरा माणसे नेली, नऊ परत आली. चौथ्या दिवशी तो मिठाची खेप घेऊन खेडास निघाला आणि बसल्या जागी झोपला. पोलादपूरच्या नाक्यावर बैल आपणहून थांबले. आजारी माणूस चढेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. नाक्यावरच्या लोकांनाही वाटले, दाऊद पुन्हा कुणाला नेतो आहे. कुणी हटकले नाही. मग बैल महाडच्या दवाखान्याकडे वळले. दवाखान्यासमोरच दाऊदचे घर. ज्याला हसायचे त्याने हसावे. मी त्या बैलांना नमस्कार करतो, आणि गाडीवाल्याला त्याहून खाली वाकून."

इथं येसूबाई थांबली. वाडीही थांबली. या वळणाची शेवटची ओळ येसूबाईनंच म्हणायची आणि तेव्हा कुणी हलायचंही नाही, असा तिथला रिवाज. मांडीवरचं सूपही एका बाईनं खाली ठेवलं.

"त्या अकरांत माझी तीन वर्षांची येसू होती. ती परत आली."

मुख्तारला रडू फुटलं. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, परक्या अंगणात, चारचौघांत, वहीत तोंड खुपसून रडला. उझ्मा उठून त्याच्याजवळ आली तर तिचेही डोळे वाहत होते. कुडपणच्या लोकांना काही उमगेना. वाचन ऐकून माणसं हसतात, गप्प होतात; असं रडताना त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं.

"काय झालं रे, बाबा?" येसूबाई विचारत होती. "त्या माणसाची माणसं हायत म्हणालास. तुझ्या वळखीची हायत का?"

"दाऊद माझा आजा, मावशी."

मुरारीनं डोक्यावरची टोपी काढली. येसूबाई हातानं चाचपत ओटीवरून उतरली. कुणी धरायला गेलं तर तिनं हात झटकला. मुख्तारच्या खांद्यापर्यंत आली, मग तिचा हात त्याच्या गालावर गेला, कपाळावर गेला. दिसत नव्हतं, म्हणून तिनं बोटांनीच बघून घेतलं.

"मग इतका वेळ खाली काय बसलास?" ती म्हणाली आणि त्याला दंडाला धरून ओटीवर, आपल्या पाटावर नेऊन बसवलं. स्वतः शेजारी उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

मग काय विचारता. वाचन राहिलं बाजूला, वाडीत सणच झाला. प्रत्येक घरातून काहीतरी आलं, तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाचं पिठलं, मधाची बाटली. नऊ माणसं परत आली होती. त्या नवांची पोरं, नातवंडं एकेक करून पुढं येऊ लागली. हा जानूचा नातू, ही सदूची सून, असं मुरारी सांगत होता. अर्धी वाडी निघाली. दाऊदनं घरी यातलं काही सांगितलं नव्हतं का, असं कुणीतरी विचारलं. मुख्तारला एवढंच ठाऊक होतं की आजा जन्मभर त्या प्रश्नावर सगळ्यांबरोबर स्वतःही हसायचा. चिडला तो फक्त बाप. बापाला ते पान एकदा वाचायला मिळालं असतं, या विचारानं मुख्तारचा घास घशात अडकला. मग येसूबाईनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि घास उतरला.

परवानगीचा कागद उझ्मानं ओटीवर बसून लिहिला. 'एकवीसच्या एकवीस वळणे, नववे धरून, कमीजास्त न करता.' त्याबदली काय द्यायचं असं विचारल्यावर येसूबाई म्हणाली की दर पौषात येऊन वाच, माझा आवाज आता पुरत नाय. उझ्मानं तेही कागदात घातलं. येसूबाईनं बोटानं जागा विचारून सावकाश सही केली, येसूबाई भागोजी. लग्नानंतरचं नाव लिहायला हवं, हे उझ्माच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं ते खाली कंसात आपल्या हातानं लिहिलं आणि बाईंची सही तशीच राहू दिली.

उतरताना उझ्मानं मामाला झाडायला सुरुवात केली. वळण गाळलं ते गाळलं, वर वकिलालाही सांगितलं नाही. मुख्तार ऐकता ऐकता मध्येच हसायला लागला, आणि हसायचा थांबेना. तिनं विचारलं काय झालं.

"चार दिवस गो," तो म्हणाला. "सरकारनं चार दिवस उशीर केला असता तर मी कुणाला न विचारता छापलं असतं. वीस वळणांचं. आणि माझ्या आजाला मीच पुसून टाकलं असतं."

मग त्यानं थांबून, पिशवी खाली ठेवून, दिल्ली जिकडं असेल असं त्याला वाटलं तिकडं तोंड करून सलाम केला. उझ्मा म्हणाली तिकडं खेड आहे. तो म्हणाला तेही बरोबरच आहे.

नववं वळण त्यानं कुणाला जुळवू दिलं नाही. एकेक खिळा स्वतः उचलला. पानांचं गणित असं बसवलं की 'खेड आलं का' बासष्टाव्या पानाच्या तळाला यावं आणि उरलेलं त्रेसष्टाव्यावर, जुन्या पुस्तकात होतं तसंच. कुडपणात येसूबाईकडून उतरवून घेतलेल्या त्या पानाची शेवटची ओळ जुळवताना त्याला 'येसू' दोनदा जुळवावं लागलं. मे महिन्यात पुस्तकं शिवून आली. पाठीवर नाव, आत 'मुद्रक आणि प्रकाशक'. पहिल्या दहा प्रती कुडपणला गेल्या. अकरावी त्यानं बापाच्या फोटोसमोर ठेवली आणि त्रेसष्टावं पान उघडून, ते मिटू नये म्हणून वर खिळ्यांची पट्टी ठेवली.

बारावी प्रत घेऊन तो सकाळी रस्ता ओलांडून महादूकडं गेला. महादूनं पंप मारता मारता तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मुख्तारनं पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि त्रेसष्टावं पान वाच म्हणाला. महादू उभ्या उभ्या वाचायला लागला. स्टोव्हवर दूध उतू गेलं, गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला, तरी तो वाचत होता. वाचून झाल्यावर पुस्तक त्यानं धोतराला पुसून फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी ठेवलं. चहाचे पैसे त्या दिवशी मुख्तारकडून घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुख्तारनं फळ्या काढल्या. पहिली काढली, दुसरी काढली. समोरून आवाज नाही. महादू मान खाली घालून स्टोव्हशी झटत होता. मुख्तारला चैन पडेना. बावीस वर्षांची सवय ती. शेवटची फळी हातात घेऊनच तो रस्त्याच्या मधोमध आला.

"महादू, विचार की."

"काय?"

"रोज विचारतोस ते."

महादूनं इकडंतिकडं बघितलं. आसपासचे दुकानदार बघायला लागले होते. मग त्यानं हळूच, जरा चाचरत विचारलं, "मुख्तारभाई, खेड आलं का?"

"नाय रे," मुख्तार सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला. "बैल दवाखान्याकडं वळले."